लॅपटॉप घेऊन नागपुरात सहा महिने राहायचं, तर वस्ती कशी निवडाल?

पुण्या-मुंबईहून आलेला माणूस नागपुरात घर शोधताना आधी अंतर विचारतो. स्टेशन किती लांब, विमानतळ किती लांब, मॉलला जायला किती वेळ लागतो. सवयच ती. पण नागपुरात या टोकाहून त्या टोकाला जायला बहुतेक वेळा पाऊण तास पुरतो, आणि तुम्हाला तर रोज कुठे जायचंच नाहीये. ज्याचं ऑफिस त्याच्या टेबलावर आहे त्याला इथे अंतराचा त्रास होत नाही. त्रास होतो तो उन्हाचा, नळाचा, पावसात तुंबणाऱ्या रस्त्याचा, शेजारच्या लग्नाच्या लॉनमधल्या डीजेचा आणि कॉल चालू असताना गेलेल्या नेटचा. या गोष्टी एकाच चौकाच्या दोन बाजूंना वेगवेगळ्या असतात. म्हणून ‘नागपुरातली सगळ्यात चांगली वस्ती कोणती’ हे विचारत बसण्यापेक्षा खालच्या क्रमाने गेलात तर निदान फसणार नाही.

१. आधी महिना ठरवा, मग वस्ती

ऑक्टोबर संपत आला की नागपूर सुखाचं होतं ते फेब्रुवारीपर्यंत. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहा अंशांच्या खाली उतरतो, दुपारी कोवळ्या उन्हात गच्चीवर बसून काम करता येतं, आणि या काळात पाहिलेलं प्रत्येक घर छानच वाटतं. मुक्काम फेब्रुवारीत संपणार असेल तर या लेखातला उन्हाचा भाग वरवर वाचला तरी चालेल. पण मार्च ते जूनमधले दोन महिने जरी मुक्कामात येत असले, तरी घर निवडताना उन्हाळ्याचाच विचार आधी करा. मे महिन्यात ४३-४४ अंश ही इथे बातमी नसते; २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ वर गेला होता. मेच्या शेवटच्या आठवड्यात नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होतो, तेव्हा दुपारी बारा ते पाच रस्ते ओस पडतात. ‘जवळच कॅफे आहे, तिथे बसून काम करू’ हा बेत त्या दिवसांत कॅफे दोनशे पावलांवर असला तरच जमतो.

कॅलेंडरमधल्या आणखी दोन गोष्टी. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं. १९५३ च्या नागपूर करारातून आलेली ही रीत. त्या दिवसांत सिव्हिल लाइन्स आणि सीताबर्डीच्या आसपास हॉटेलं भरलेली, मोर्च्यांमुळे रस्ते वळवलेले, ऑटो मिळायची मारामार. दुसरी गोष्ट धम्मचक्र प्रवर्तन दिनाची. दसऱ्याच्या सुमारास दीक्षाभूमीवर देशभरातून लाखो लोक येतात. त्या वेळी शहरात असाल तर जाऊन याच, पण लक्ष्मीनगर, बजाजनगर, रहाटे कॉलनीच्या बाजूला सामानाचा टेम्पो घेऊन घर बदलायला तो आठवडा धरू नका.

२. पहिले दहा-पंधरा दिवस तात्पुरती खोली घ्या

बाहेरगावी बसून, फोटो पाहून सहा महिन्यांचं घर पक्कं करू नका. आधी मेट्रोच्या रेषेवर कुठेतरी, धरमपेठ, रामदासपेठ किंवा वर्धा रोडला, दोन आठवडे राहा. मेट्रोच्या दोनच मार्गिका आहेत: ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी अशी उत्तर-दक्षिण नारंगी, आणि लोकमान्य नगर ते प्रजापती नगर अशी पश्चिम-पूर्व अ‍ॅक्वा. दोन्ही सीताबर्डीला भेटतात. एखाद्या रविवारी दोन्ही मार्गिका टोकापर्यंत फिरून या. मेट्रो उंचावरून जात असल्यामुळे कुठे झाडी आहे, कुठे टिनाची शेडं, कुठे नव्या फ्लॅट-स्कीम आणि कुठे जुने बंगले हे खिडकीतूनच कळतं.

मग पायी फिरा. नागपुरातली किरायाची किती तरी घरं वेबसाइटवर येतच नाहीत. फाटकाला ‘टू-लेट’ची पाटी लटकते आणि काम होऊन जातं. त्या गल्लीतल्या डेली नीड्सवाल्याला आणि इस्त्रीवाल्याला कोणाचा वरचा माळा रिकामा आहे, आधीचा किरायदार का सोडून गेला, घरमालक स्वभावाने कसा आहे, सगळं ठाऊक असतं. दुधाची पिशवी घ्या, चहा घ्या, आणि विचारा. दलालाकडून जायचं असेल तर घर पाहायच्या आधीच दलालीचा आकडा बोलून घ्या. घर आवडल्यावर तो वाढतो.

३. कोणती वस्ती कोणाला

धरमपेठ, गोकुळपेठ, शंकरनगर, शिवाजीनगर हा पट्टा बाहेरून येणाऱ्याला सगळ्यात आधी आवडतो आणि त्यात चूक काही नाही. गोकुळपेठेचं भाजीचं मार्केट, अ‍ॅक्वा मार्गिकेवरची शंकरनगर चौक आणि एलएडी चौक ही स्थानकं, दवाखाने, खाण्याची ठिकाणं, सगळं चालत. गाडी नसलेल्या एकट्या माणसाला यापेक्षा सोयीचं नागपूर नाही. किराया अर्थातच जास्त, जुन्या इमारतींना अनेकदा लिफ्ट नाही, आणि संध्याकाळी वेस्ट हायकोर्ट रोडवर हॉर्न ऐकत बसावं लागतं. तेव्हा मुख्य रस्त्यावरचा फ्लॅट घेऊ नका, दोन गल्ल्या आत शिरा. या पट्ट्याला पुराचीही एक गोष्ट आहे, ती पुढे येते.

रामदासपेठ आणि धंतोली मध्यवर्ती खरे, पण दोन्हीकडे दवाखान्यांची इतकी दाटी आहे की गाडी लावायला जागा मिळत नाही आणि रात्रीही अँब्युलन्स ये-जा करत असतात. घरात कोणी वयस्कर सोबत असेल तर तीच दाटी फायद्याची ठरते. एरवी कॉल घेणाऱ्यासाठी मी सुचवणार नाही.

लक्ष्मीनगर, बजाजनगर, अभ्यंकरनगर, श्रद्धानंदपेठ हा माझ्या मते लांबच्या मुक्कामासाठी शहरातला सगळ्यात समतोल भाग. प्लॉटवरची स्वतंत्र घरं, खाली घरमालक, वर किरायदार. अंगणात आंबा किंवा कडुलिंब. विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था शेजारीच असल्याने विद्यार्थ्यांचा वावर आहे, त्यामुळे मेस, झेरॉक्स, अभ्यासिका, रात्री उशिरापर्यंतचा चहा, सगळं आहे. धरमपेठेपेक्षा शांत. झाडामुळे घराच्या तापमानात काय फरक पडतो ते मेमध्ये कळतं. उणीव एकच, मेट्रोचं स्थानक दाराशी नाही. ऑटो करावा लागतो किंवा पाय मोडावे लागतात.

प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, गोपाळनगर, पुढे जयताळा. इथे पैसे वाचतात. आयटी पार्क जवळ असल्याने तुमच्यासारखे लोक आधीपासून राहतात, म्हणजे ‘घरूनच काम करतो’ म्हटल्यावर घरमालक दचकत नाही आणि फायबर बहुतेक गल्ल्यांत पोचलेलं आहे. संध्याकाळी आयटी पार्कच्या रस्त्यावर खाण्याच्या गाड्या लागतात. एकट्या माणसाचं रात्रीचं जेवण तिथे सहज निभतं. फक्त त्या रस्त्यालाच लागून घर घेऊ नका. तिथली गर्दी आणि तुमची संध्याकाळची मीटिंग एकाच वेळी सुरू होते.

वर्धा रोडच्या दोन्ही बाजूंना, छत्रपतीनगर, स्नेहनगर, सोमलवाडा, जयप्रकाशनगर, नारंगी मार्गिका दाराशी आणि विमानतळ हाकेच्या अंतरावर. महिन्यातून दोनदा विमान पकडावं लागणाऱ्याला ही बाजू बरी. इथे ३.१४ किलोमीटरचा डबल डेकर पूल आहे: खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल, वर मेट्रो. पुलाच्या समोरासमोरचा फ्लॅट स्वस्त मिळाला तर तो का स्वस्त आहे हे खिडकी उघडल्याबरोबर कळेल.

आता बेसा-बेलतरोडी. ऑनलाइन शोधताना सगळ्यात जास्त जाहिराती याच बाजूच्या दिसतात, कारण नव्या स्कीम तिथेच उभ्या राहिल्या. फ्लॅट नवा, लिफ्ट, पार्किंग, बाल्कनी, फोटोत एकदम झकास, आणि त्याच पैशात धरमपेठेत जेमतेम निम्मं घर मिळेल. पण बेसा महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे. किती तरी स्कीमचं पाणी बोअरवर आणि उन्हाळ्यात टँकरवर चालतं. मनीषनगरकडून येताना रेल्वेखालचा पूल, नरेंद्रनगरचाही तसाच. जोराचा पाऊस आला की दोन्हीकडे पाणी साचतं आणि तुम्ही पलीकडे अडकता. दुचाकी नसेल तर कोथिंबीर आणायलाही कोणाची तरी लिफ्ट मागायची. जोडप्याला, गाडी असलेल्याला, शांतता हवी असलेल्याला बेसा चांगलं जमतं. एकटा आणि बिनगाडीचा माणूस तिथे महिन्याभरात कंटाळतो.

महाल, इतवारी, गांधीबाग म्हणजे जुनं नागपूर. बुधवार बाजार, वाडे, बोळ, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी काळ्या-पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक. शहर समजून घ्यायचं तर इथे रोज यावं. पण रात्रपाळी करून सकाळी झोपणाऱ्याने इथे घर घेऊ नये, कारण सकाळी आठपासून जी वर्दळ सुरू होते ती रात्रीच थांबते. सदर, बैरामजी टाऊन, छावणी ही बाजू मला आवडते, जुने बंगले आणि खायला चांगलं, पण घरं कमी निघतात. सिव्हिल लाइन्स बघायला सुंदर. बहुतेक बंगले सरकारी, तेव्हा नाद सोडा. नंदनवन, मानेवाडा, सक्करदरा इथे घरगुती वातावरण आणि रास्त किराया मिळतो. पूर्व आणि दक्षिण बाजूला उड्डाणपुलाचं काम घरासमोर चालू नाही ना, एवढं जाऊन पाहा.

४. घर दुपारी चार वाजता पाहा

सकाळी दहाला दाखवलेलं घर पाहू नका. म्हणजे पाहा, पण ठरवू नका. दुपारी चारला पुन्हा जा आणि पश्चिमेकडच्या भिंतीला आतून तळहात लावा. भिंत कोमट लागली तर मेमध्ये ती तव्यासारखी होईल. तिथेच तुमचं टेबल लागणार असेल तर तो विचार सोडा.

सगळ्यात वरचा माळा स्वस्त का असतो तेही इथेच कळतं. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री बारा-एकपर्यंत आत उष्णता सोडत राहतो. अमेरिकेच्या वेळेनुसार काम करणाऱ्याची मुख्य पाळी नेमकी तीच. डोक्यावर आणखी एक मजला असेल, किंवा घरमालकाने गच्चीवर पांढरा उष्णतारोधक रंग मारला असेल, किंवा टिनाची शेड टाकली असेल, तर गोष्ट वेगळी. ‘वर काय आहे’ हा प्रश्न विचाराच, आणि पायऱ्या चढून बघून या.

मग कूलर. नागपूरचा उन्हाळा कोरडा असतो, म्हणून इथे डेझर्ट कूलर जे काम करतो ते मुंबईत करणार नाही. वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांवरून पाणी झिरपतं, बाहेरची कोरडी हवा त्यातून ओढली जाते आणि थंड होऊन आत येते. पण त्याच्या अटी आहेत. कूलर खिडकीच्या बाहेर स्टँडवर बसला पाहिजे. आतली हवा बाहेर जायला समोरच्या बाजूला दुसरी खिडकी किंवा दार हवं, नाहीतर खोली दमट होऊन कपडेसुद्धा चिकटतात. आणि टाकीपर्यंत नळाचा पाइप पोचला पाहिजे, नाहीतर रोज बादल्या वाहा. नव्या फ्लॅटमध्ये सरकत्या काचांच्या खिडक्या असतात, त्यांत कूलर बसतच नाही. तेव्हा खिडकीबाहेर जुना लोखंडी स्टँड दिसला तर समजा की आधीचा किरायदार इथे एक उन्हाळा काढून गेला आहे.

आता कामाच्या दृष्टीने. कूलरचा घरघराट कॉलवर समोरच्याला पावसासारखा ऐकू जातो. त्यामुळे कूलर हॉलमध्ये लावायचा आणि आपण लागून असलेल्या खोलीत, दार अर्धं लोटून बसायचं. म्हणजे दोन खोल्या एकमेकींना लागून हव्यात. एका खोलीच्या घरात हे जमत नाही आणि तिथे एसीच घ्यावा लागतो. कूलरच्या झोताच्या थेट समोर लॅपटॉप ठेवू नका, बारीक तुषार उडतात. मृगाचा पाऊस सुरू झाला की कूलरचा उपयोग संपतो; जुलैत तो लावला तर फक्त ओलसर वारा मिळतो. कूलर विकत घ्यायचीही गरज नाही, हंगामापुरता किरायाने मिळतो. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासायची. डेंग्यूचे डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतात आणि कूलरची टाकी ही त्यांची आवडती जागा.

विजेचा हिशेब असा: कूलर साधारण दोनशे वॅट खातो, दीड टनाचा एसी दीड हजाराच्या आसपास. महावितरणचे दर टप्प्यांनी वाढतात. १०० युनिटपर्यंत एक, ३०० पर्यंत दुसरा, ५०० पर्यंत तिसरा. दिवसभर घरी बसणारा माणूस एसी लावून सहज वरच्या टप्प्यात जातो. म्हणून मीटर स्वतंत्र आहे की घरमालकाच्या मीटरवर सब-मीटर आहे, आणि सब-मीटर असेल तर युनिटचा दर कोणता, हे आधी विचारा. घरमालक आणि तुम्ही एकाच मीटरवर असाल तर तुमच्या एसीमुळे त्यांचं घरही वरच्या टप्प्यात ढकललं जातं आणि मे महिन्यात त्यावरून कुरबुर होते.

५. पाणी: येणारं आणि शिरणारं

महापालिकेचं पाणी पेंच प्रकल्पातून आणि कन्हान नदीतून येतं. जुन्या भागांत सहसा तक्रार नसते, कडेच्या लेआउटमध्ये असते. ‘पाण्याचा प्रॉब्लेम नाही जी’ हे उत्तर प्रत्येक घरमालक देतो. त्याऐवजी असं विचारा: नळ किती वाजता येतो, किती वेळ राहतो, वरच्या माळ्यावर मोटर न लावता चढतो का, आणि गेल्या मेमध्ये टँकर किती वेळा बोलावला. शेवटच्या प्रश्नावर थोडा वेळ शांतता पसरली तर उत्तर मिळालं. स्वयंपाकघरातल्या नळाच्या तोंडाशी पांढरा थर दिसला तर पाणी बोअरचं आहे. ते प्यायला आरओ लागेल आणि कूलरच्या ताट्या एका हंगामात दगड होतील.

दुसरं पाणी पावसाचं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे ढगफुटीसारखा पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदी काठ सोडून वस्त्यांमध्ये शिरली. अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउट, शंकरनगरचा सखल भाग, सीताबर्डी, सगळीकडे पाणी. महागड्या वस्तीत राहतो म्हणून कोणाचा तळमजला वाचला नाही. पश्चिमेकडे तळमजल्यावर घर घेत असाल तर समोरच्या दुकानदाराला एवढंच विचारा की त्या दिवशी पाणी कुठपर्यंत आलं होतं. तो हाताने गुडघ्यापर्यंत किंवा छातीपर्यंत दाखवेल. नागनदी आणि नाल्यांच्या काठाने पहिला मजला घ्या, वाद नको.

आणखी एक गोष्ट नागपुरात नव्याने आलेल्याच्या लक्षात येत नाही. शहरभर सिमेंटचे रस्ते झाले आणि बऱ्याच ठिकाणी ते जुन्या डांबरी रस्त्यापेक्षा फूट-दीड फूट उंच झाले. आता घर खाली आणि रस्ता वर. फाटकातून आत जाताना तुम्ही उतार उतरून अंगणात गेलात, तर जुलैतलं पाणीही त्याच वाटेने अंगणात येणार. फाटकाला वाळूची पोती किंवा सिमेंटचा छोटा बांध दिसला तर घरमालकाने अनुभव घेतलेला आहे.

६. नेट आणि वीज

वेगाची जाहिरात वाचू नका, खांबाकडे बघा. घरासमोरच्या विजेच्या खांबावर कोणत्या कंपन्यांचे फायबरचे डबे लटकले आहेत ते मोजा. दोन वेगळ्या कंपन्यांचे हवेत. एक घरात घ्यायचं, दुसरं मोबाइलच्या हॉटस्पॉटवर वेगळ्या कंपनीचं. रस्ता आणि गडरची (गटाराची) खोदकामं सुरू असली की केबल तुटते, आणि तुटली की एकाच कंपनीची पूर्ण गल्ली जाते. घर पाहताना आतल्या खोलीत, दार लावून, एक व्हिडिओ कॉल करून बघा. जुन्या घरांच्या भिंती जाड असतात आणि हॉलमध्ये चार रेघा दाखवणारा फोन आतल्या खोलीत मान टाकतो. रात्री नऊच्या सुमाराला शेजारच्यांकडे नेट कसं चालतं तेही विचारा, कारण त्या वेळी पूर्ण गल्ली सिरियल आणि क्रिकेट बघत असते.

वीज मध्य नागपुरात फारशी जात नाही. जाते ती वादळाबरोबर: एप्रिल-मेच्या संध्याकाळी धुळीचं वादळ येतं, फांदी तारेवर पडते आणि तास-दोन तास अंधार. घरात इन्व्हर्टर आहे का, आणि तो ज्या खोलीत राउटर लागणार त्या खोलीच्या प्लगला जोडलेला आहे का, हे बघा. बहुतेक घरांत इन्व्हर्टर फक्त पंखे-दिव्यांवर असतो. तसं असेल तर राउटरसाठी छोटा १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घ्या. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, राउटरला नसते.

७. कान उघडे ठेवून एक चक्कर

नागपुरात लग्नं लॉनवर लागतात. काटोल रोड, वर्धा रोड, अमरावती रोड, रिंग रोड, जिथे मोकळी जागा तिथे लॉन. तुळशीच्या लग्नानंतर हंगाम सुरू होतो तो मध्ये थांबत थांबत आषाढापर्यंत. नियमाप्रमाणे रात्री दहानंतर भोंगे बंद. पण न्यूयॉर्कची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ सात ते दहा, आणि वरातही त्याच वेळी निघते. घराच्या अर्ध्या किलोमीटरच्या आत लॉन किंवा मंगल कार्यालय आहे का, ते नकाशावर नाही, स्वतः फिरून बघा. लग्नाची तिथी असलेल्या दिवशी संध्याकाळी त्या गल्लीत जाऊन उभे राहा, दहा मिनिटं पुरतात.

सोनेगावची विमानं, अजनीच्या बाजूची रेल्वे, शाळेची मधली सुट्टी. या आवाजांची सवय होते. वरातीत वाजणाऱ्या धुमाळ पार्टीची होत नाही.

८. घरमालकाशी बोलणी आणि करार

‘तुम्ही दिवसभर घरीच राहता? मग नोकरी केव्हा करता जी?’ हा प्रश्न येणारच. हसू नका, नीट उत्तर द्या. कंपनीचं पत्र किंवा ओळखपत्र दाखवा, कामाची वेळ सांगा, रात्री दीडपर्यंत दिवा चालू राहील हेही सांगा. बंगल्याच्या वरच्या माळ्यावर राहायचं तर काकाजी आणि काकू सहा महिने तुमचे शेजारी आहेत. फाटकाला कुलूप किती वाजता लागतं, वेगळी चावी मिळेल का, पाहुणे आले तर चालतात का, स्वयंपाकात मांसाहार चालतो का, हे सगळं पहिल्याच दिवशी बोलून घ्या. एकट्या मुलांना आणि मुलींना काही घरी नकार मिळतो, आणि तो बऱ्याचदा फोनवर न सांगता दारात सांगतात. निघण्याआधी स्वतःहून विचारलं तर एक चक्कर वाचते.

करार अकरा महिन्यांचा असला म्हणून नोंदणी लागत नाही, असं तुम्हाला हमखास सांगितलं जाईल. महाराष्ट्रात ते खरं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो, मुदत कितीही असो, आणि नोंदणी करून घ्यायची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल किरायदाराचं म्हणणं खरं धरलं जातं. हे घरमालकाला नम्रपणे सांगितलं तर तोच नोंदणीसाठी घाई करतो. खर्चही फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या ०.२५ टक्के, पंधरा हजार किराया, तीस हजार डिपॉझिट आणि अकरा महिने धरले तर चारशे-पाचशे रुपयांच्या घरात. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क हजार रुपये. काम आधार आणि बोटाच्या ठशावर घरबसल्या ऑनलाइन होतं. एजंट घरी येऊन करून देतो, त्याचे पैसे वेगळे. किरायदाराची माहिती पोलिसांकडे द्यायची असते, तेही त्याच वेळी उरकून टाका. हाच करार पुढे नेट आणि गॅसच्या कनेक्शनला पत्त्याचा पुरावा म्हणून लागतो.

करारात तीन ओळी मुद्दाम घालून घ्या. लॉक-इन दोन महिन्यांपेक्षा जास्त नको, म्हणजे उन्हाळ्याने घर नापास केलं तर निघता येईल. नोटीस एक महिन्याची, दोन्ही बाजूंनी सारखी. आणि डिपॉझिट किती दिवसांत, काय कापून परत मिळणार हे आकड्यात. रंगाचे पैसे कापायची पद्धत आहे; सहा महिन्यांच्या मुक्कामाला ते कापायचे नाहीत असं लिहून घ्या.

९. सही करण्याआधी जेवणाचा बंदोबस्त

घरून काम करणाऱ्याचं नागपुरातलं खरं वेळापत्रक जेवणावर चालतं. सकाळी तर्री पोहे कुठेही मिळतात, तो प्रश्न नाही. दुपारी बाहेर पडायची सोय मेमध्ये नसते, म्हणून डबा लावावा लागतो. त्या गल्लीत कोणत्या काकू डबा देतात, दुपारी किती वाजता पोचतो आणि रविवारी बंद असतो का ते विचारा. सावजीचं झणझणीत जेवण रविवारी ठेवा. सोमवारी सकाळी नऊची मीटिंग असेल तर शनिवारी. कामवाली बाई मिळणं वस्तीवर अवलंबून आहे: बजाजनगर-प्रतापनगरकडे शेजारच्या घरी येणारीच तुमच्याकडेही येते, बेसाच्या टोकाला तिला यायलाच साधन नसतं आणि ती जास्त पैसे सांगते, ते रास्तही आहे.

चावी हातात आल्यावर सामान लावायच्या आधी वीज मीटरचा आकडा, बाथरूममधली ओल, स्लॅबवरचे डाग आणि खिडक्यांच्या जाळ्या यांचे फोटो काढून घरमालकाला त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, आणि फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात कूलरवाल्याला फोन करा. मार्च लागला की तो फोन उचलत नाही.